आजगावच्या गॅरेजवाल्या दादांना, मनापासून आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मळेवाडहून शिरोड्याकडे येताना आजगावात आमची गाडी धूर ओकत थांबली होती. कोल्हापूरची पासिंग, मागच्या सीटवर वयस्कर गृहस्थ. तुम्हाला आठवत असेल, नसेलही. तुमच्याकडे रोजच कोणी ना कोणी अडलेलं येत असणार. तुमचा नंबर घ्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीरपणे लिहितोय. तुमच्या ओळखीतल्या कोणाच्या नजरेस पडलं तर ते तुमच्यापर्यंत पोचेल.

मी बॉनेट उचलून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात तुम्ही रस्त्यापलीकडून ओरडलात, "झाकान आत्ता उघडू नकात, थंड जांव दे आधी!" त्या एका हाकेने माझा हात भाजण्यापासून वाचला. वरचा पाइप क्लिपपाशी कडक होऊन चिरला होता. तसा पाइप तुमच्याकडे नव्हता. सणासुदीची दुकानं बंद, तरी तुम्ही मोटारसायकल काढून शिरोड्यातून पाइप पैदा केलात. तो थोडा लांब होता, तर हॅक्सॉच्या पात्याने कापून, टोकाला साबणाचं पाणी लावून अलगद सरकवलात. मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी ओतत राहिलात, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली तर गाडी पुन्हा तापते, हेही समजावलंत. इतक्या निगुतीने काम करणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी.

इंजिन थंड होईपर्यंत तुम्ही बाबांना पडवीत बसवलंत, तुमच्या आईंनी सोलकढी दिली. बोलता बोलता बाबा म्हणाले, समुद्र काय, कुठेही दिसतो. मला भाऊसाहेब खांडेकरांची शाळा बघायची आहे. बाबांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. कादंबरीकार वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले, १९३८ला कोल्हापूरला गेले, पुढे १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, हे ते वर्गात दरवर्षी सांगायचे. ती शाळा मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. तुम्ही हात पुसत म्हणालात, "मी तेच शाळेतलो." आणि लगेच फोन लावलात. सुट्टी असूनही आमच्यासाठी फाटक उघडलं गेलं ते तुमच्या शब्दावर. बाबा व्हरांड्यात बराच वेळ उभे होते. मग एका वर्गाच्या खिडकीतून आत बघत आईला म्हणाले, "फळा केवढा मोठा आहे बघ." शिक्षकाला आधी फळाच दिसणार.

तुम्ही सांगितलेल्या वाटेनेच आम्ही पुढे गेलो. ज्या मिठागरांपायी १९३०च्या मे महिन्यात इथे सत्याग्रह झाला, ती बाबांनी गाडी थांबवून पाहिली. वेळागरला सुरूच्या बनात मुलं मनसोक्त खेळली. दुसऱ्या दिवशी रेडीवरून तेरेखोलच्या किल्ल्यावर गेलो. नदी ओलांडायच्या आधीच गोवा लागतो हे मुलांना पटेना. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, म्हणून नदीच्या अलीकडे असूनही तो गोव्यात राहिला, हे आजोबांनी नातवंडांना तिथेच उभं राहून सांगितलं. १९५४च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला, तेही सांगितलं. फेरीबोटीतून केरीला उतरलो तरी मुलांचे प्रश्न संपले नव्हते.

दादा, तुम्ही फक्त पाइपचे आणि क्लिपांचे पैसे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, परत जाताना गाडी नीट चालली तर बघू. गाडी उत्तम चालली, आंबोलीचा घाटही न तापता चढली. पण आम्ही परतताना तुमचं शटर खाली होतं. शेजारच्या किराणा दुकानात तुमच्यासाठी गुळाची ढेप ठेवून आलोय. ती मजुरी नव्हे, मजुरी अजून द्यायची आहे.

बाबांचा निरोप आहे: आईंना घेऊन कोल्हापूरला या. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं संग्रहालय आहे, ते बाबांना स्वतः तुम्हाला दाखवायचंय. राहायचं आमच्याकडेच, आणि येण्याआधी फोन करायचीही गरज नाही.

तुमचा,
कोल्हापूरचा एक प्रवासी