ट्यूबवरून इन्शुलिन आणणाऱ्या मुलाला

प्रिय बाळा,

त्या दिवशी तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, बडोद्यात कोणी ना कोणी तुला ओळखत असेलच.

ऑगस्ट 2024. विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर, लाइट दोन दिवस गायब, फ्रिज बंद, ह्यांचं इन्शुलिन गेलेलं. मी गॅलरीतून नुसती ओरडत होते. आणि तू ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पाट बांधून बांबूने ढकलत ढकलत आलास, ज्या पाण्यात मगरी फिरत होत्या त्या पाण्यातून! मी सासूबाईंच्या नऊवारीला माझी ओढणी गाठ मारून खाली सोडली, तू थर्मास बांधलास, मी वर ओढला. पैसे घे रे म्हटलं तर "काकू, अजून पाच घरं बाकी आहेत" म्हणालास आणि गेलास पण.

गेल्या वर्षी लेकीकडे वेल्सला गेले होते, स्वान्झीला. तिथे जवळच मम्बल्स गाव आहे, समुद्रातल्या लांब धक्क्याच्या टोकाला लाइफबोट स्टेशन. ती आरएनएलआय, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना बोटीने वाचवणारी ब्रिटनमधली संस्था, 1824 पासूनची, लोकांच्या देणग्यांवर चालते आणि बोटीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, म्हणजे कोणी सुतार, कोणी मास्तर, पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं. मम्बल्सला हे 1866 पासून चालू आहे. लेक सांगत होती आणि माझ्या डोळ्यासमोर सारखा तू येत होतास.

27 जानेवारी 1883 ला तिथे वादळात एक जर्मन जहाज खडकाळ किनाऱ्यावर आलं. वाचवायला गेलेली बोटच उलटली, चार जण गेले, त्यात बोटीच्या म्होरक्याचे दोन मुलगे आणि जावई. त्या वेळी लाइटहाउसवाल्याच्या दोन मुली, जेसी एस आणि मार्गारेट राइट, त्या लाटांत उतरल्या आणि आपल्या शाली एकमेकींना गाठ मारून बुडणाऱ्यांकडे फेकल्या असं सांगतात. शाली रे! हे ऐकलं आणि मला ती ओली नऊवारी परत हाताला लागल्यासारखी झाली, किती जड झाली होती, आठवतंय ना.

पुढे 1903 मध्ये त्या स्टेशनचे सहा जण गेले. 23 एप्रिल 1947 ला सॅमटाम्पा नावाच्या जहाजासाठी बोट निघाली, जहाजावरचे 39 आणि बोटीवरचे आठ, एकही परत आला नाही. तरी त्या गावातली माणसं पुन्हा बोटीवर चढली, आजही चढतात. त्यांच्या घरच्यांनी काळीज कसं घट्ट केलं असेल कोण जाणे. तुझ्या आईलाही त्या दिवशी कळलं होतं का रे, तू कुठे आहेस ते? त्यांना माझा नमस्कार सांग, मनापासून.

ह्यांची तब्येत आता छान आहे. पाणी पिऊन ती गाठ इतकी घट्ट बसली की सुटलीच नाही, मग मी तशीच घडी करून कपाटात ठेवलीये. आणि तुझा थर्मास आमच्याकडेच आहे, धुऊन, बूच नवीन बसवून. घ्यायला ये, घर तुला माहीतच आहे.

तुझी,
पहिल्या मजल्यावरची काकू