कॅनवरची तारीख मोठी छापा

मा. संपादक,

आमच्या नाक्यावर गेले काही दिवस एकच वाद चाललाय, गोव्यात बनलेली कॅनमधली बिअर घेणं परवडतं का, की नुसता पैशांचा चुराडा. मी डिचोलीचा, वय ५४, महिन्यातनं दोन-तीनदा शनिवारी संध्याकाळी घरी बसून बिअर घेणारा माणूस, त्याहून जास्त नाही. पण या विषयावर माझं ठाम मत झालंय आणि ते लोकांपर्यंत जावं असं वाटतं म्हणून हे पत्र.

आधी हिशोबाचं बोलू कारण सगळे तिथेच अडतात. छोटा कॅन ३३० मिलीचा आणि मोठी बाटली ६५० मिलीची, म्हणजे दोन छोटे कॅन मिळून एक मोठी बाटली होते, वर १० मिली. आणि आमच्याकडच्या दुकानात लोकल ब्रुअरीच्या एका छोट्या कॅनच्या पैशात नेहमीच्या कंपनीची मोठी बाटली येते, म्हणजे मिलीमागे सरळ दुप्पट पैसे. हे नाकारायचं काही कारण नाही. आणि ज्याला फक्त चढायला हवी त्याच्यासाठी तर प्रश्नच मिटला, ८ टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं आणि ५ टक्क्यांच्या छोट्या कॅनमध्ये साडेसोळा, तो माणूस हा कॅन कधीच घेणार नाही, घेऊही नये.

पण चवीसाठी पिणाऱ्याचं काय? तर मी म्हणतो पैसे वसूल होतात, फक्त एक अट आहे, बिअर ताजी हवी, आणि ती अट आपल्याकडे कोणीच पाळत नाही.

लोक विचारतात यात लोकल आहे तरी काय. बार्ली जास्त करून राजस्थानची, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, जर्मनी नाहीतर अमेरिकेतनं येतात, आपलं काय तर पाणी आणि माणसं. बरोबर आहे. सांगोल्ड्याच्या ब्रुअरीने आपल्या आयपीएला, म्हणजे जास्त हॉप्सच्या कडवट बिअरला, हणजुण्याच्या त्या जुन्या हिप्पीचं, एट फिंगर एडीचं नाव दिलं, आमच्या तालुक्यातल्या लाटंबार्शेच्या लोकांनी ‘माका दी’ म्हणजे ‘मला दे’ असं साधं कोंकणी नाव ठेवलं, ते ऐकून बरं वाटतं, पूर्वी गोव्याच्या किंग्ज बिअरच्या बुटक्या बाटलीचा वाटायचा तसा अभिमान वाटतो, पण नुसत्या नावासाठी कोणी दुप्पट पैसे देऊ नयेत. माझ्या मते लोकल असण्याचा खरा फायदा एकच, ती जवळ बनते. टाकीतनं निघून माझ्या ग्लासात यायला तिला महिने लागायची गरज नाही. पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव आपण का घेतो? सकाळी पोंपों वाजतं आणि पाव हातात घेतला की अजून ऊन ऊन असतो म्हणून. तोच पाव तिसऱ्या दिवशी त्याच पैशात कोणी घेईल का?

आता माझा अनुभव सांगतो. मे महिन्यात कोल्हापूरहून मेहुणे आले होते, त्यांना मी आधीच सांगून ठेवलेलं की यावेळी तुम्हाला आमची गोव्याची बिअर पाजतो. येताना हायवेवरच्या एका दुकानातनं चार कॅन घेतले. दुकानात कॅनचा छान मनोरा रचलेला, काचेच्या अगदी लगत, आणि दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. मला तेव्हा काही खटकलं नाही. घरी आणले, फ्रीजमध्ये दोन तास ठेवले, ग्लासात ओतले. ती व्हीट बिअर होती, म्हणजे गव्हाची, बेल्जियन पद्धतीची, त्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात, हो आपल्या मसाल्याच्या डब्यातले धणे, आणि तो वास यावा म्हणून तर ती घ्यायची. वास आला तो ओल्या पुठ्ठ्याचा. पावसात भिजलेला खोका असतो ना, अगदी तसा. मेहुण्यांनी दोन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, “भावोजी, आमच्याकडची साधी बाटली बरी की हो.” मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो, पैशांपेक्षा जास्त आपल्या मातीतल्या वस्तूची अशी लाज गेली त्याचं.

रिकामा कॅन उलटा करून तारीख शोधली. बुडाच्या खोलगट भागात फिकट शाईत बारीक ठिपक्यांनी छापलेली, चष्मा लावून वर मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कुठे वाचता आली. पाच महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे मुदतीत होती, दुकानदाराने नियम काही मोडला नव्हता.

मग मी हट्टाला पेटलो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेलो जिथे कॅन फ्रीजमध्ये होते, एकेक उलटा करून बघितला, दुकानदार वैतागला थोडा, आणि तीन आठवड्यांपूर्वीचा कॅन मिळाला. तोच ब्रँड, तीच बिअर. उघडल्या उघडल्या संत्र्याचा वास, मागून धणे, वर पांढराशुभ्र फेस जो शेवटपर्यंत ग्लासाच्या कडेला चिकटून राहिला. बायकोने पण हुंगून बघितलं आणि म्हणाली हे काहीतरी वेगळंच आहे. त्या एका कॅनला मी दुप्पट काय, अजून थोडे जास्त दिले असते.

तर असं का होतं? मोठ्या कंपन्यांची लागर, म्हणजे नेहमीची बाटलीतली बिअर, गाळून पाश्चराइज करून भरतात, ती बरीच सोसते. छोट्या ब्रुअरीची बिअर बऱ्याचदा गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, आणि हॉप्सचा नाहीतर मसाल्याचा जो वास तुम्ही विकत घेता तोच सगळ्यात आधी उडतो. बिअरवाल्या लोकांत एक ठोकताळा सांगतात, ३-३०-३००. साधारण ३२ डिग्रीत ३ दिवस, २२ डिग्रीत ३० दिवस आणि फ्रीजच्या ३ डिग्रीत ३०० दिवस, या तिन्हीत बिअर सारखीच म्हातारी होते. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, दुकानातलं शेल्फ आठवा, टेंपोत उन्हात उभे असलेले खोके आठवा, आणि मग सांगा त्या बिचाऱ्या कॅनचं काय होत असेल. कॅनमध्ये उजेड जात नाही हे चांगलंच, हिरव्या बाटलीतली बिअर उन्हाने वास मारते तसं कॅनमध्ये होत नाही, पण उष्णतेला पत्रा काय अडवणार, उलट पातळ असल्यामुळे लवकर तापतो.

कॅनची बाजू मी अजून एका कारणासाठी घेतो, थोडं विषयांतर होतंय पण सांगतोच. किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा किती जणांच्या पायात जातात ते किनाऱ्यावरनं जाळं ओढणाऱ्या रापणकारांना विचारा. २०१९ मध्ये कायदा बदलून किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला आणि बाटल्या फोडण्याला दंड लावला तरी काचा सापडतातच. कॅन फुटत नाही, आणि साधारण सत्तर रिकामे कॅन झाले की किलोभर ॲल्युमिनियम होतं, भंगारवाला आनंदाने नेतो. काचेच्या बाटलीला तो इतका खूश नसतो.

माझी मागणी अगदी छोटी आहे. १ एप्रिल २०१९ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर आणि कॅनवर आरोग्याचा आणि गाडी न चालवण्याचा इशारा सक्तीचा झाला, तो किती मोठ्या अक्षरात हवा ते सुद्धा नियमात मिलिमीटरमध्ये लिहिलंय, आणि ते योग्यच झालं. मग कॅन भरल्याची तारीख त्याच आकाराच्या अक्षरात, बुडाला नाही तर समोर, अल्कोहोलच्या टक्केवारीच्या शेजारी का छापू नये? आणि कायद्याची वाट बघायची गरज नाही, आपल्या गोव्यातल्या ब्रुअऱ्यांनी स्वतःहून सुरुवात करावी, नुकसान त्यांचंच तर होतंय. बाजूला ‘थंड ठेवा’ एवढं मराठी-कोंकणीत लिहा. दुकानदारांना पण हात जोडून सांगतो, मनोरा रचायचाच तर रिकाम्या कॅनचा रचा, भरलेले फ्रीजमध्ये ठेवा, जागा नसेल तर कमी मागवा. आणि जुना माल असेल तर भाव उतरवून विका, मासळी बाजारात संध्याकाळी उतरवतातच की, त्यात कमीपणा कसला.

गिऱ्हाइकांनी एवढंच करावं, कॅन उलटा करून तारीख बघावी आणि दुकानात फ्रीजबाहेरचा कॅन असेल तर तो घेऊ नये. मी त्या हायवेवरच्या दुकानात नंतर परत गेलो होतो, भांडायला नाही, सांगायला. मालकाने ऐकून घेतलं, म्हणाला आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही, एजंट येतो, खोके टाकतो, जातो. काचेजवळचा मनोरा त्याने माझ्यासमोर पोराला उचलायला लावला. मेहुणे आता चवथीला येणार आहेत, तेव्हा घरात चालत नाही, पण गणपती पोचवून झाला की त्यांना तो दुसरा, ताजा कॅन द्यायचाय.

आपला,
एक वाचक, डिचोली