फाळका लावून झोपण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअप गाडीच्या हौद्यावर कॅम्पर शेल, म्हणजे फायबरग्लासची टोपी बसवून अमेरिकेत भटकणाऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला आहे. छायाचित्रं सुरेख, सुतारकाम देखणं. पण खाली दोन ड्रॉवर असलेला १४ इंच उंच पलंग आणि ‘पाऊस लागला तर चहा आतच करा’ हा सल्ला, हे दोन्ही वाचून इथले, कॅलिफोर्नियातले मराठी तरुण प्लाय कापायला घेण्याआधी काही गोष्टी सांगायला हव्यात.

आधी उंची. टोयोटा टॅकोमासारख्या मध्यम पिकअपचा हौदा साधारण १९ इंच खोल असतो. केबिनच्या उंचीचा शेल चढवला की मधोमध जेमतेम ३८ इंच मिळतात. त्यातले १४ पलंगाला, ४ गादीला. उरले २०. बैठकीपासून डोक्यापर्यंत बहुतेकांना ३४ ते ३६ इंच लागतात. म्हणजे कपडे आडवं पडून बदलायचे आणि पावसाच्या दिवशी दिवसभर शवासन! ड्रॉवर फोटोत छान दिसतात, पण त्यांची किंमत बसण्याच्या जागेत मोजावी लागते.

एकट्याने झोपायचं असेल तर पलंग उंच करूच नये. हौद्याच्या तळावर दीड इंचाच्या पट्ट्या, वर १२ मिलिमीटर प्लाय, त्यावर ३ इंची गादी. डोक्यावर ३३ इंच राहतात, मान किंचित वाकवून बसता येतं. २०२३ पर्यंतच्या टॅकोमाच्या हौद्यात वर आलेल्या दोन चाकांच्या कमानींमध्ये ४१-४२ इंच रुंदी असते. २५ इंच गादीला द्या आणि उरलेल्या बाजूला, कमानीच्या अंगाने, लांबट पेटी करा. जड सामान त्या पेटीत तळाशी, केबिनच्या बाजूला ठेवा. दोघांना मात्र कमानींच्या वर जावंच लागतं. कमानी ८-९ इंच उंच, म्हणून पलंग १० इंचांवर बसवा, त्याहून एक इंचही वर नको. फोर्ड एफ-१५०सारख्या मोठ्या गाडीत कमानींमध्ये ५० इंच मिळतात, तिथे ४८ इंची प्लाय न कापता आत सरकतो. लांबीचा निर्णय गाडी घेतानाच होतो. पाच फुटी हौदा आतून ६० इंच भरतो, सहा फुटी ७३ इंचांच्या पुढे. साडेपाच फुटी माणूस पाच फुटी हौद्यात तिरपाच झोपणार.

वजनाचा हिशेब लेखात नाहीच. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. मध्यम पिकअपला तो आकडा ५०० किलोच्या आसपास येतो. शेल ८५, दोन माणसं १४०, प्लाय-ड्रॉवर ७०, बॅटरी आणि फ्रीज ४०, पाणी-शिधा-बॅगा ९०. झाले ४२५. चार बाय आठ फुटांचा १८ मिलिमीटर प्लाय ३० किलोच्या घरात जातो, १२ मिलिमीटरचा २० किलोच्या. दर १६ इंचांवर आधार दिला तर १२ पुरतो. ड्रॉवरला महागडे, जड रुळ लावू नका. तळाशी कटिंग बोर्डच्या जातीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठोका, भरलेला खण त्यांवर सहज सरकतो. दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर फट सोडा आणि प्लायच्या कडांना व्हार्निशचे तीन हात द्या. नाहीतर ओलीने फुगलेला ड्रॉवर ऐन वेळी अडकतो. पलंगाची चौकट हौद्याला भोकं पाडून नव्हे, कंपनीने दिलेल्या बांधणीच्या कड्यांना आवळा. २०१५ पासून एफ-१५०चं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. त्यात लोखंडी स्क्रू घातले की दोन धातूंच्या सांध्यात ओल धरते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आता पाणी. शेल आणि हौद्याची कड यांच्यामध्ये पाणी न शोषणारी फोमची पट्टी अखंड बसवावी, जोड आलाच तर तो मागच्या बाजूला ठेवावा. गळती बहुधा पुढच्या दोन कोपऱ्यांतून होते, तिथे ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी दाबून भरा. सिलिकॉन टाळलेलं बरं, कारण एकदा लागलं की त्या जागेवर पुढे रंग किंवा दुसरं काही नीट धरत नाही. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं. सुरुवात खालच्या सांध्यापासून, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, मग वर. उलट केलं तर वरून ओघळलेलं पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. शेल हौद्याला आवळणारे क्लॅम्प पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. फोम दबतो आणि ते सैल पडतात. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या खाली पडणाऱ्या दाराच्या, तिन्ही कडांना रबराची पोकळ पट्टी लागते. तरीही कच्च्या रस्त्यावर धूळ आत येते, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फटींतून धूळ ओढली जाते. शेलची पुढची खिडकी किंवा छताचा झरोका थोडा उघडा ठेवला की आत दाब राहतो आणि धूळ बाहेर थोपते.

बाहेरचं पाणी अडवलं तरी आतलं उरतंच. दोन झोपलेली माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत सोडतात. बाहेर थंडी असली की ते काचेवर, छतावर आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीच्या खाली जमतं. सलग प्लायवर ठेवलेल्या फोमच्या गादीला आठवड्याभरात खालून बुरशीचे काळे ठिपके धरू शकतात. म्हणून गादीखाली सलग फळी न ठेवता दोन-दोन इंच फट सोडून पट्ट्या ठोका, किंवा प्लायला एक इंची भोकं पाडा. सकाळी गादी उभी करून ठेवा. रात्री दोन झडपा उघड्या हव्यात, एक खाली, एक वर. खिडकीवर पाऊस अडवणारी पन्हळ आणि आतून जाळी लावली की पावसातही इंचभर फट ठेवता येते. एक छोटा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणारे पहाटे ओल्या पांघरुणात जागे होतात, आणि ओलं पांघरूण जास्तच थंड.

चहाचं म्हणाल तर आत अजिबात नको. प्रोपेनचा स्टोव्ह असो की हीटर, बंद शेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचायला वेळ लागत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन चालू ठेवून मागे झोपणंही तितकंच घातक. पिकअपच्या मागे, बंद टोपीखाली बसलेल्या मुलांना एक्झॉस्टमधून विषबाधा झाल्याची नोंद इथल्या, अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९९२ सालीच झाली आहे. या वायूची सूचना देणारा, बॅटरीवरचा अलार्म उशीच्या उंचीला लावा. सिलिंडर बाहेर ठेवा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो हौद्याच्या तळाशी, म्हणजे झोपलेल्याच्या नाकापाशीच साठेल.

विजेचं थोडक्यात: १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास, तेवढीच शिशाची त्याच्या दुपटीहून जड आणि वापरायला निम्मीच. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नये. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

हेच भारतात टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपवर करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्यांचे हौदे पाच फुटी वर्गातले आहेत आणि नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. प्लायवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत विचारा.

शेवटचा मुद्दा लेखात यायलाच हवा होता. फाळका आणि काचेचं दार दोन्ही बाहेरून उघडण्यासाठी बनवलेले असतात. आतून फिरवता येणारी मूठ शेल घेतानाच मागा. फाळक्याच्या आतल्या बाजूचं झाकण काढलं की कडीच्या दांड्या दिसतात, त्यांना नायलॉनची दोरी बांधून ती आत ओढून घ्या. दोरीच्या टोकाला जाड गाठ मारा, अंधारात चाचपडताना हाताला ती गाठच लागते.

आपले,
दोन वाचक, कॅलिफोर्निया