साक्षीदार कोण, ओळखदार कोण? महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दुय्यम निबंधक कार्यालयात होणाऱ्या मृत्युपत्रांवरील साक्षीबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या वडिलांनी 2014 साली मृत्युपत्र केलं आणि ते रीतसर नोंदवलं. नोंदणी ऐच्छिक असते, पण ‘रजिस्टर केलं की कोणी हात लावत नाही’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. साक्षीला दोघे हवे होते. एक झाला दस्तलेखनिकाच्या हाताखालचा मुलगा आणि दुसरा बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेला एक गृहस्थ. त्याला दोनशे रुपये दिले. तेव्हा यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

वडील गेल्यावर चुलत्यांनी हरकत घेतली. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, साक्षीदार कुठे आहेत? तो मुलगा अपघातात वारला होता. टपरीवरच्या गृहस्थाने दिलेला पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला. दस्ताच्या गोषवाऱ्यावर, म्हणजे नोंदणीवेळी कार्यालय जोडतं त्या सारांशाच्या पानावर, त्याचा फोटो आहे, अंगठा आहे, पण माणसाचा पत्ता नाही.

भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं, नाहीतर ‘ही सही माझी’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर आपली सही करावी. साक्षीदार हयात असेल आणि सापडत असेल, तर निदान एकाला कोर्टात उभं करावंच लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 68 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 67 झालं. क्रमांक बदलला, अट तीच. साक्षीदार सापडलाच नाही तर निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि करणाऱ्याची सही सिद्ध करायची. वडिलांची सही ओळखणारे गावात पन्नास जण आहेत. त्या गृहस्थाचं हस्ताक्षर ओळखणारा मी कुठून आणू?

आता तुमच्या खात्याकडे येतो. गोषवारा भाग 2 वर छापलेलं असतं की ‘खालील इसम’ दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवतात. म्हणजे तिथले दोघे ओळखदार. दस्तावर साक्ष घालणारा साक्षीदार वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच सांगून ठेवलंय की नुसती ओळख पटवण्यासाठी केलेली सही ही दस्ताची साक्ष ठरत नाही. पण खिडकीपाशी दोघांनाही ‘विटनेस’ म्हणतात, बहुतेक वेळा माणसंही तीच असतात, आणि ‘व्यक्तिशः ओळखतात’ या शब्दांचा अर्थ तिथे कोणी विचारत नाही. टपरीवरच्या त्या गृहस्थाने माझ्या वडिलांना जेमतेम पंधरा मिनिटं ओळखलं होतं.

शिवकाळात आणि पेशवाईत गावचा पाटील कागदाखाली नांगराची निशाणी करायचा. शेजारी साक्षीला गावचीच माणसं असत. वाद निघाला की गोतापुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, त्यांनाच बोलवायचं. आपण संगणक आणला, बायोमेट्रिक आणलं, आणि साक्षीदार मात्र टपरीवरून आणतो.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. संगणकातल्या नोंदीत ओळखदार आणि साक्षीदार असे दोन वेगळे रकाने करा, आणि साक्षीदाराचा कायमचा पत्ता व मोबाइल क्रमांक घ्या. प्रत्येक कार्यालयात ठळक मराठीत एक फलक लावा. साक्षीदार ओळखीचा असावा, करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावा, मृत्युपत्रातून त्याला काही मिळणार नसावं, आणि सही आपल्या डोळ्यांदेखत झाली हे त्याला पुढे सांगता यावं, एवढं त्यावर लिहा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही हेही लिहा. शंभराचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर 2024 मध्ये पाचशेचा झाला, तरी लोक तो मृत्युपत्रासाठी घेतातच. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नोंदणी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे अधिकारी घरी येऊ शकतो, ही माहितीही खाली एका ओळीत द्या. आम्हाला ती कोणी दिली नव्हती. वडिलांना खुर्चीसकट दोन मजले उचलून न्यावं लागलं, आणि घरातली ओळखीची माणसं साक्षीला न थांबता खाली रिक्षा धरून उभी होती.

आमच्या दाव्याची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. टपरीवाल्याला मी तो फोटो दोनदा दाखवून आलो. तो म्हणाला, हा माणूस पाहिल्यासारखा वाटतो, पण असे पुष्कळ येतात.

आपला,
एक पक्षकार