कपात खाली, बक्षीस वर

महोदय,

अमेरिकेतील विमान कंपन्यांचे कर्मचारी वरिष्ठांच्या वेतनावर संतापतात, तेव्हा तो मत्सर ठरवला जातो. हे मला पटत नाही. एप्रिल २००३ मध्ये ‘अमेरिकन एअरलाइन्स’च्या वैमानिक, केबिन कर्मचारी आणि मेकॅनिक यांच्या संघटनांनी, कंपनी दिवाळखोरीत जाऊ नये म्हणून वर्षाला सुमारे १.६ अब्ज डॉलरच्या वेतन-सवलतींतील कपातीला नाइलाजाने होकार दिला. आणि त्याच सुमारास उघड झाले की, मोजक्या अधिकाऱ्यांसाठी बोनस व सुरक्षित निवृत्तिवेतन निधी यांची तजवीज आधीच झाली होती. प्रमुख डॉन कार्टी यांना पायउतार व्हावे लागले खरे, पण पगार पूर्ववत झाले नाहीत. ‘युनायटेड एअरलाइन्स’ने तर २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात मारल्या आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरीतून बाहेर पडताना व्यवस्थापनाला समभाग वाटले.

विलीनीकरणात हे अधिकच चिघळते. दोन कंपन्यांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या एक करताना वैमानिकाचे विमान, मार्ग आणि पर्यायाने पगारही बदलू शकतो. ‘यूएस एअरवेज’ आणि ‘अमेरिका वेस्ट’ २००५ मध्ये एकत्र आल्यावर हा वाद कित्येक वर्षे रेंगाळला. प्रमुखांच्या निरोपाची रक्कम मात्र आधीच ठरलेली असते. २०१३ मध्ये ‘अमेरिकन’च्या मावळत्या प्रमुखाच्या सुमारे २ कोटी डॉलरच्या रकमेला दिवाळखोरी न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मंजुरी नाकारली, ते योग्यच झाले. कपातीवर मतदान घेण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा संपूर्ण तपशील कर्मचाऱ्यांपुढे ठेवण्याची सक्ती कायद्याने करावी.

– एक वाचक