पिंपळगावच्या अलीकडच्या चहावाल्या बाबांना

बाबा,

साष्टांग नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी रात्री अडीचच्या सुमाराला तुमच्या टपरीपाशी थांबलेली पांढरी गाडी, सोबत माझे मिस्टर, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा, एवढं सांगितलं की ओळख पटेल. मोबाइलवर आलेलं सगळं नात वाचून दाखवते, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचेल.

आम्ही माझ्या माहेराहून, यावलकडून येत होतो. चार दिवस भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. निघताना आईनं डिकीत वांगी, तुरीच्या शेंगा, डिंकाचे लाडू भरले आणि त्यातच रात्रीचे नऊ वाजले. मुलुंडपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि मिस्टरांना सकाळी दहाला ऑफिस गाठायचं होतं. राहुड घाट चढून चांदवड मागे टाकलं तोवर आभाळ इतकं स्वच्छ होतं की मुलगा काचेला नाक लावून चांदण्या मोजत होता. पुढच्या अर्ध्या तासात धुक्यानं रस्ताच दिसेना. तुमच्या शेगडीचा लाल ठिपका दिसला आणि आम्ही गाडी बाजूला घेतली.

चहा पिऊन मिस्टर उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, गाडी काढू नका. धुई दाट आहे." वारा पडलेला, आभाळ निरभ्र, त्यात द्राक्षबागांना रोजचं पाणी, अशा रात्री इथं धुई, म्हणजे धुकं, धरतेच, हेही सांगितलंत. मिस्टर म्हणाले, हेडलाइटचा अप्पर मारून आणि चारही इंडिकेटर लावून हळूहळू जाऊ. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. अन् चारी इंडिकेटर चालू असले, तर गाडी उभी आहे का चाललीये, ते मागच्याला कळत नाही."

तरी त्यांचा हात चावीकडे गेलाच. मग तुम्ही बॅटरी घेतलीत. "इथंच उभे राहा. मी डांबरीच्या कडेनं चालतो. बॅटरी दिसायची बंद झाली की हाक मारा." मोठ्यानं मोजत निघालात. एक, दोन, तीन... मी टपरीच्या खांबाला धरून उभी होते. उजेड आधी पिवळा झाला, मग नुसता धुरकट डाग राहिला आणि मग तोही गेला. मिस्टरांनी हाक मारली. पलीकडून फक्त तुमचा आवाज आला, "साहेब, बारा."

बारा पावलं, बाबा. फार तर नऊ मीटर. घरी आल्यावर मिस्टरांनी कागदावर हिशेब मांडला. ताशी ४०च्या वेगानंही गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर बंद पडलेला ट्रक दिसला असता, तरी पाय ब्रेकवर जायच्या आत आम्ही त्याच्यावर असतो. तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे.

त्या रात्री तुमच्याही घरी सुख नव्हतं, हे मला उशिरा कळलं. थंडीनं द्राक्षांचे मणी तडकतील म्हणून तुमचा मुलगा बागेत शेकोट्या पेटवायला गेला होता. धुईनं वेलींवर डावणी रोग येईल ही धास्ती वेगळीच. वर्षाचं पीक बागेत लटकत होतं आणि तुम्ही आमच्या सासूबाईंच्या पायांशी निखारे सारत बसला होतात. बाकड्यावर झोपलेल्या माझ्या मुलाला तुम्ही स्वतःच्या अंगावरचं घोंगडं घातलंत. मी नको म्हटलं, तर म्हणालात, "ताई, मला शेगडी आहे."

सकाळी आठनंतर समोरच्या बागेतले मांडवाचे खांब एकेक करून दिसू लागले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता निघा. कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, हे बजावायला विसरला नाहीत. सहा चहांचे साठ रुपये घेतलेत. वरचे पाचशे मिस्टरांच्या खिशात परत कोंबलेत. सासूबाईंनी पुढे केलेली वांगी मात्र दोन्ही हातांनी घेतलीत, त्याचा त्यांना केवढा आनंद झालाय! येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्या ते सांगतात.

घाट तुम्ही सांगितलात तसाच उतरलो. दुपारी साडेबाराला घरी पोहोचलो. मिस्टरांची अर्ध्या दिवसाची रजा गेली, तेवढंच.

बाबा, मुलाला झोपेतच उचलून गाडीत ठेवलं, त्यामुळे तुमचं घोंगडं आमच्यासोबत मुंबईला आलंय. ठाण्याच्या पुढे आल्यावर ते लक्षात आलं आणि मला रडूच फुटलं. इथे घोंगडं लागावं एवढी थंडी पडत नाही, तरी मुलगा रोज तेच घेऊन झोपतो. त्याला धुराचा वास येतो, म्हणून मी अजून धुतलेलं नाही. संक्रांतीला तिळगूळ आणि घोंगडं घेऊन येतोय. दिवसाउजेडी येऊ.

तुमची,
मुलुंडची ताई