कोहा फुकट, मग वही कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मुक्त सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला. परवान्याचा खर्च शून्य, तेव्हा ग्रंथालयांनी डोळे झाकून ‘कोहा’ ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी संगणकप्रणाली घ्यावी, असा सल्ला आहे. उत्तम. पुढे ते चालवायचे कोणी, हे छापायला जागा उरली नसावी.

मी 23 वर्षे महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आमच्याकडे कोहा बसवले एका हंगामी सहायकाने. मुलगा गुणी, पण लिहायचा भारी कंटाळा. बॅकअप कुठे जातो, पासवर्ड काय, आवृत्ती कोणती, सगळे त्याच्या डोक्यात. त्याला पुण्यात नोकरी लागली, आम्ही पेढे खाल्ले. तीन महिन्यांनी सर्व्हरची डिस्क गेली. हाती लागलेला बॅकअप आठ महिने जुना. तो चढवला तर मराठी पुस्तकांच्या नावांजागी नुसती प्रश्नचिन्हे. इंग्रजी नावे मात्र ठणठणीत! महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती पंधरा दिवसांवर. मग आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेले दाखल रजिस्टर उघडून मी आणि आमचे शिपाईमामा रोज रात्री नऊपर्यंत बसायचो. ते वाचायचे, मी टंकायचो. रजिस्टरमधली 1974 सालची शाई फिकटली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होते.

प्राचार्य म्हणाले, “फुकटचं असंच असतं.” हे मात्र झोंबले. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली वाय-टू-केत, म्हणजे 2000 साल उजाडताना संगणकांत होणाऱ्या तारखांच्या घोळात, टिकणार नव्हती, म्हणून त्यांनी कोहा बनवून घेतले आणि जानेवारी 2000 मध्ये वापरात आणले. ते आजही चालू आहे. दर मे-नोव्हेंबरला नवी आवृत्ती येते, तिची जबाबदारी कोणाची ते आधीच ठरते, माहितीपुस्तिका सांभाळायला वेगळा माणूस असतो. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, तीही परतफेडीची जाण ठेवून घ्यायची. आपल्याकडे तिचे ‘फुकट ते पौष्टिक’ झाले. सर्व्हर घेताना तीन दरपत्रके मागवतात. कोणती सेटिंग का बदलली हे लिहून ठेवणे मात्र कुणाच्याच कामात बसत नाही. मीही त्या मुलाकडे वही मागितली नव्हती, हे कबूल करतो.

जाता जाता : याच विषयावरचा तुमचा एक जुना लेख तुमच्या संकेतस्थळावर उघडला, तर जुन्या फॉन्टपायी पानभर अगम्य चिन्हे. तुमच्याकडचाही मुलगा पुण्याला गेला काय?

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा